हिशोबात नसलेली चिमूट

ऐन लूज,
सोमवार, रजब महिना सरता सरता

सी थामी अत्तार यांस,

सलाम. तुझा गुडघा, तुझा खोकला आणि तुझी ती एकाक्ष मांजर, तिघंही बरी असावीत. इकडं आम्हीही बरे. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय; यंदा दुसरं काही पिकलेलं नाही. ताम्मूच्या जिभेला कसलाही आजार नाही. आभाळाचं म्हणशील, तर ते तुझ्या खिडकीतूनही दिसतंच.

'यांस' असं लिहून बसलो खरा, पण पुढं 'तुम्ही' लिहायला हात धजत नाही. ज्याच्याबरोबर एकाच मास्तरांच्या छडीखाली तळहात पुढं केले, त्याला अहोजाहो कसं करायचं? बोलणं बंद असलेली इतकी वर्षं मनातल्या मनात मी तुला एकेरीतच शिव्या दिल्या. तीच सवय राहू दे.

पत्रास कारण तुझा जेल्लाबा, टोपी जोडलेला तो लांब झगा.

शुक्रवारी पावसाच्या नमाजेहून घरी आलो, जेल्लाबा खुंटीला लावला, आणि ताम्मू चुलीपाशी थबकली. "अहो, जिऱ्याचा वास कुठून येतोय? घरातलं जिरं तर संपलंय." आमच्याकडं हल्ली जिरं तुझं मसाल्याचं दुकान टाळून बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाहून येतं. का येतं ते तुला ठाऊक आहे. त्याला वास नसतो, काड्याच जास्त. ती हुंगत हुंगत खुंटीपाशी गेली, टोपीत नाक घातलं आणि मग माझ्याकडं वळली. "त्या माणसाशी एक शब्द बोलायला तुमची जीभ उचलत नाही, आणि त्याचे कपडे घालून गावभर फिरता?"

यात माझा काडीचा दोष नाही, हे आधीच लिहून ठेवतो. दोष फकीह सी बूअज्जांचा. आदल्या शुक्रवारी मशिदीत त्यांनी काय सांगितलं ते तूही ऐकलंस: "ज्यांचं आपसात बोलणं नाही त्यांनी आधी समेट करा. मनात अढी ठेवून केलेली प्रार्थना आभाळाच्या खालीच अडकते." आणि एवढं बोलून ते थांबले. खोकले. मग सगळ्या मशिदीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि एकदा तुझ्याकडं.

त्या दिवसापासून माझं जगणं मुश्कील झालं. बिलईद न्हाव्यानं माझी अर्धी दाढी केली आणि वस्तरा हवेत धरून म्हणाला, "मास्तर, माझ्या भावाचा गहू तुमच्यापायी करपतोय." उरलेली अर्धी दाढी त्यानं केली, पण साबण न लावता. चहावाल्यानं माझ्या ग्लासात पुदिना घातला नाही. म्हणाला, "पाऊस नाही तर पुदिना कुठला?" समोर तुझ्या टेबलावर पुदिना होता. मला एका डोळ्यानंही दिसतो.

लोकांना वाटतं आपण दोघं समोरासमोरच्या दोन चहाच्या दुकानांत बसतो ते वैरापायी. मी म्हणतो, उन्हासाठी. सकाळी ते माझ्या बाजूला असतं आणि दुपारी तुझ्या. आता दुपारीही मी माझ्याच बाजूला बसतो, हा माझा प्रश्न आहे.

असो. शुक्रवारी सगळं गाव अनवाणी मैदानात जमलं, आणि आपल्याला मुद्दाम खांद्याला खांदा लावून उभं करण्यात आलं. ही कामगिरी बिलईदची. नमाज संपताना मान डावीकडं वळवून 'तुमच्यावर शांती असो' म्हणावं लागतं. डावीकडं तू. मी ते तुझ्या खांद्यावरच्या फरिश्त्याला म्हटलं; त्याच्याशी माझं काही भांडण नाही. तू मान उजवीकडं वळवलीस तेव्हा तुझे डोळे घट्ट मिटलेले होते. मला कसं कळलं, ते विचारू नकोस.

मग फकीह ओरडले, "वस्त्रं उलटी करा, म्हणजे तोही आपली दशा पालटेल!" सगळं मैदान जेल्लाबे उतरवायला लागलं. माझं डोकं नेहमीप्रमाणं टोपीत अडकलं. वारा सुटला होता. आत अंधारात मी गुदमरतोय आणि बाहेरून कुणीतरी ओढतंय. डोकं सुटलं तेव्हा चटईवर दोन ढीग पडलेले, दोन्ही तपकिरी, दोन्ही उलटे. आपल्या दोघांचे जेल्लाबे एकाच मागावरचे, एकाच ईदला शिवलेले, हे बिलईदला काय ठाऊक! त्यानं एक उचलून माझ्या डोक्यात घातला. "घाला मास्तर, लवकर घाला, ढग निघून जातील." ढग कुठले! आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं, आणि तसंच राहिलं.

आता उगाच माझ्यावर आळ नको म्हणून खिशात काय निघालं ते सांगतो. दात पडलेला लाकडी कंगवा. जपमाळ. चिंधीत बांधलेलं जिरं (त्यातलं थोडं ताम्मूनं वापरलं, तिला मी अडवू शकलो नाही). खोकल्याच्या गोळ्या. बाकी किरकोळ.

तू गुरुवारी मुनीरकडं फ्रान्सात, ल्याँला जातोयस असं बिलईद म्हणाला. कायमचाच, असंही म्हणाला. मी म्हटलं, "जाऊ दे. पोराला बापाची सेवा करायची असेल तर चांगलंच आहे." तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही रडताय की काय?" मी म्हटलं, "मोतीबिंदू आहे."

तुला आठवतं, शाळेत आपल्याला एक कविता होती? वाळवंटात एकटा राहणारा एक गरीब माणूस, दारात पाहुणा येतो, घरात काही नाही, तेव्हा तो आपली एकुलती एक उंटीण कापतो. मी ती हातवारे करत म्हणायचो. मास्तर डोळे पुसायचे. आणि तू हात वर करून विचारलंस, "मास्तर, मग दुसऱ्या दिवशी तो काय खाणार?" छडी बसली तुला. पण मधल्या सुट्टीत मास्तरांनी खजूर दिले तेही तुलाच, मला नाहीत. पुढं मी जन्मभर तीच कविता शिकवली, आणि दर वर्षी त्या ओळीपाशी आलो की मागच्या बाकावरून तुझा प्रश्न ऐकू यायचा.

हे कुठून कुठं गेलो? मुद्दा जेल्लाब्याचा. गुरुवारच्या आत अदलाबदल व्हावी हे बरं. मी तुझ्याकडं येऊ शकत नाही, कारण तुझं घर उतारावर आहे आणि परत येताना मला चढ लागतो. तूच ये. किंवा येऊ नकोस, कुणाबरोबर तरी पाठव. जशी तुझी मर्जी.

कळावे. लोभ शिल्लक असेल तर असू द्यावा.

जिलाली

ता. क. माझ्या जेल्लाब्याच्या डाव्या बाहीवर शाईचा डाग आहे. तो धुवायच्या फंदात पडू नकोस. तो निघत नाही, आणि माझा आहे.


ऐन लूज,
बुधवार, संध्याकाळ, पाऊस अजून चालूच

थामी,

तुझं उत्तर मिळालं. मसाल्याच्या पुडीचा कागद, त्यावर पेन्सिलीनं एक ओळ: 'जेल्लाबा उबदार आहे. घाई नाही.' खाली नाव. सलाम नाही, कुशल नाही. तू शब्दही जोखूनच देतोस.

ताम्मूनं ते वाचून घेतलं माझ्याकडून, आणि म्हणाली, "गुरुवारी विमानात बसणाऱ्या माणसाला घाई कशी नाही?"

मी म्हटलं, "थकला असेल."

"आणि तुम्ही का असे पांढरे पडलात?"

आता सांगतोच. परवाच्या पत्रात मी 'बाकी किरकोळ' असं लिहिलं होतं. बाकी किरकोळ म्हणजे तुझा पासपोर्ट. आत घडी घातलेलं विमानाचं तिकीट. तुझ्या बायकोनं, हाद्दानं, देव तिला शांती देवो, आतल्या अंगाला बटणाचा जो खिसा शिवून दिला होता, त्यात. मला ठाऊक आहे, घरापेक्षा छाती बरी असं तू नेहमी म्हणतोस.

शुक्रवारीच सापडला होता. शनिवारी पाठवीन म्हटलं, तर शनिवारी बायकांनी ताम्मूची मोठी पळी नेली, तिला ओढणी नेसवून पावसाची नवरी केली आणि दारोदार पाणी मागत फिरल्या. फकीह रागावले. ताम्मू त्यांना रस्त्यातच म्हणाली, "तुमच्या नमाजेनं काम झालं असतं तर आम्हाला पळी काढावी लागली असती का, सीदी?" त्या गोंधळात शनिवार गेला. पळी नसल्यानं सूपही गेलं. रविवारी मी पासपोर्टमधला तुझा फोटो पाहत बसलो. काय रे तो चेहरा! जणू फोटोवाला भेसळीचं केशर विकायला आला होता. सोमवारी तुला ते लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात पासपोर्ट सोडून जगातलं सगळं लिहिलं. मग पासपोर्ट पिठाच्या डब्यात ठेवला. ताम्मूला काल भाकरी करताना सापडला. ती काहीच बोलली नाही. तिनं काही न बोलणं म्हणजे काय, ते तुला हाद्दावरून ठाऊक असेल.

आणि काल दुपारी पाऊस आला.

कसा आला ते तू पाहिलंसच. आधी डोंगरावर एक मळकट पट्टी, मग वाऱ्याला मातीचा वास, आणि मग धो धो. आपल्याकडं पावसाला दयाच म्हणतात, पण जन्मभर ती थेंबाथेंबानं मागायची सवय. काल कुणी पिंपच उपडं केलं. बिलईदचा भाऊ शेतात बसून चिखल अंगाला फासत होता म्हणे. फकीह म्हणाले, नमाजेची कबुली. बायका म्हणाल्या, पळीची. आणि बिलईद भिजत माझ्या दारात आला, त्यानं मला उचललं, थामी, शब्दशः उचललं. "मास्तर, मिटवलंत ना शेवटी! मी सांगत होतो सगळ्यांना, पत्र गेलंय, मिटलंय, म्हणून पाऊस आलाय!"

मी तोंड उघडलं. त्यात पावसाचं पाणी गेलं. मी मिटलं.

तेव्हापासून गाव माझ्यावर लोटलंय. चहावाल्यानं पुदिन्याची जुडीच्या जुडी पाठवली. कुणी अंडी आणली, कुणी लोणी. ओढ्यापलीकडच्या विधवेनं, जिच्याकडं सगळ्या मिळून चारच कोंबड्या आहेत, त्यातली एक आणून ताम्मूच्या हातात दिली. "दोघांच्या समेटासाठी," म्हणाली. ताम्मूनं कोंबडी घेतली, माझ्याकडं पाहिलं, मग पिठाच्या डब्याकडं पाहिलं.

आता आपलं ते जुनं भांडण आठव. कद्दूर सनईवाला गेला तेव्हाचं जेवण. जन्मभर प्यायला, एक रोजा धरला नाही, नासपतीच्या झाडाखाली झोपला आणि उठलाच नाही. मी म्हटलं, "तो जन्नतमध्येच जाईल. देवाची दया काय तोंड बघून असते?" तू घास खाली ठेवलास. "मग साठ वर्षं मी पहाटे गार पाण्यानं हातपाय धुतोय तो मूर्ख म्हणून?" मी म्हटलं, "तू नमाज पढत नाहीस थामी, तू हप्ते भरतोस." सगळी पंगत हसली. मग तू म्हणालास, "आणि तुझा देव अगदी तुझ्यासारखाच मास्तर दिसतोय. भोपळा मिळवणाऱ्यालाही वरच्या वर्गात ढकलणारा." पंगत आणखी जोरात हसली. मला राग कशाचा आला, खरं सांगू? देवाला बोललास त्याचा नव्हे. तुला जास्त हशा मिळाला त्याचा.

तर काल तो वाद मी जिंकलो. पूर्ण जिंकलो. फकिहांनी घातलेली अट आपण पाळली नाही, तरी पाऊस आला. तुझ्या तराजूनं पाहिलं तर यायला नको होता. मनात अढी, डब्यात चोरीचा पासपोर्ट, असा माणूस गावात असताना दया आली, आणि माझ्याही परसात तेवढीच आली जेवढी फकिहांच्या. माझं म्हणणं सिद्ध करायला कद्दूरची गरज उरली नाही, मीच पुरेसा आहे. आणि हे सिद्ध झाल्यापासून मला कुठं तोंड लपवावं कळत नाही. जन्मभर मी ही फुकटची दया मोठ्या आवाजात शिकवली, पण ती दुसऱ्याला मिळते अशा समजुतीनं. आपल्या अंगावर पडली की किती लाज वाटते रे!

आणि आणखी एक. आज दिवसभर पावसाकडं पाहत बसलो तेव्हा तुझं दुकान आठवलं. तू तराजू धरायचास, काटा मध्यावर उभा राहीपर्यंत श्वास रोखायचास. गिऱ्हाईक कुणीही असो, काटा सरळ. आणि मग, काटा सरळ झाल्यावर, वर एक चिमूट टाकायचास. कुणी बोललंच तर तुसडेपणानं म्हणायचास, "ही हिशोबात नाही." मी देवाच्या झुकत्या मापावर धडे दिले, पण स्वतः बसून मोजत राहिलो, कुणी आधी बोलायचं, कोण किती हसलं. तू हिशोबाच्या गोष्टी करत राहिलास आणि रोज चिमूट टाकत राहिलास. आपल्यात देवाला जास्त कोण ओळखतं, हा प्रश्न मी आता कुणाला विचारणार नाही. उत्तर मला सोयीचं नाही.

हाद्दा गेली तेव्हा जनाज्याला मी खांदा दिला, बरोबर तुझ्या मागं. तुझी मान मला दिसत होती. तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. कुठला, ते अजून सुचलेलं नाही.

आता तुझी पाळी. मी चोर आहे हे मान्य केलं, पण तू काय आहेस? मैदानात जेल्लाबा उलटा करून घातलास तेव्हा हाद्दाचा खिसा बाहेरच्या अंगाला, तुझ्या छातीवर यायला हवा होता. तो नव्हता. तो माझ्या छातीवर होता, साऱ्या गावासमोर. आंधळा मी आहे, तू नाहीस. अंधारात जिऱ्यातला खडा ओळखणारं तुझं नाक, त्याला माझ्या टोपीतला शाईचा आणि तंबाखूचा वास आला नाही? शुक्रवार गेला, शनिवार गेला. समोरच्या चहाच्या दुकानात तू माझा जेल्लाबा घालून बसलास, डाग पुढं करून, आणि एकदाही उठून आला नाहीस. पासपोर्टशिवाय. तिकिटाशिवाय. आणि वर 'घाई नाही'!

काल ताम्मूला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तोही तुमची वाट पाहत होता, आणि तुम्ही त्याची. तुमच्या दोघांपेक्षा माझी पळी शहाणी."

थामी, तू ल्याँला जाऊ नयेस असं मला वाटतं. हे लिहायला मला दोन पत्रं लागली. शुक्रवारी सगळं मैदान पाऊस मागत होतं तेव्हा मी उलट्या जेल्लाब्यात उभा राहून हेच मागत होतो, आणि खोटं कशाला बोलू, पाऊस मागायचं विसरूनच गेलो होतो. तिथं मुनीर आहे, नातवंडं आहेत, गरम पाण्याचा नळ आहे. इथं एक अर्धा आंधळा मास्तर आणि चढाचा रस्ता. तराजूत टाकलंस तर काटा कुठं जाईल ते मला कळतं.

म्हणून हे पत्र ताम्मू घेऊन येतेय, आणि पत्राबरोबर तुझा पासपोर्ट, तिकिटासकट. कडेला थोडं पीठ लागलंय, झटकून घे. सकाळच्या टॅक्सीला तू बसलास तर मी रस्त्यावर उभा असेन, आणि या वेळी जे म्हणेन ते फरिश्त्याला नसेल.

पण आधी आज रात्रीचं बघ. ती कोंबडी शिजतेय, तुझ्याच जिऱ्यात. न झालेल्या समेटाची कोंबडी आहे. एकट्यानं खाल्ली तर चोरीच होईल, आणि एका आठवड्यात दोन चोऱ्या मला झेपणार नाहीत. येताना चढ लागेल, हळू ये. दार उघडंच आहे. खाऊन जा, किंवा खाऊन राहा.

माझा जेल्लाबा आणू नकोस. बाहेर पाऊस आहे, अंगावरच राहू दे.

तुझ्याच जेल्लाब्यात बसून वाट पाहणारा,
जिलाली